काचेतली चड्डी

खोटं बोलायच्या बदल्यात आत्याला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं.

शिलाईच्या दुकानाची पुढची बाजू मिळणार होती, दादाने तसं कबूल केलं होतं. मोठ्या खिडकीपाशी तिच्या या भावाचं कापड कापायचं टेबल वर्षानुवर्षं ठाण मांडून होतं आणि खिडकीतून येणारा सगळा उजेड तो एकटा वापरत होता. आत्या आणि तिचं मशीन मागच्या अंगाला, भरदिवसा दिवा लावून. पाटीवर तिचं नाव येणार होतं. पाटीवर अजून अण्णाच होते, दोघांचे वडील. त्यांना जाऊन इतका काळ लोटला तरी मुलाने ती बदलली नाही आणि मुलीला कुणी विचारलं नाही. भाच्याचा खेळ वाचणार होता. आणि दादा तिचे आभार मानणार होता. हा शेवटचा लाभ किरकोळ वाटेल, पण या घरात तोच सगळ्यात दुर्मिळ. दादाने आजवर आभार मानले होते ते फक्त पोराच्या सत्कारात, माइक हातात असताना.

याच्या बदल्यात द्यायचं होतं एक वाक्य: ‘ती पट्टी मी माझ्या मनाने लावली, चड्डी ढिली होती म्हणून.’

सौदा स्वस्त होता. कापड असं स्वस्त मिळायला लागलं की आत्या ते उलटं करून उजेडात धरायची. पण इथे समोर भाऊ होता, आणि भावाला उजेडात धरायची तिला सवय नव्हती.

रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आणि घर कापायच्या टेबलाभोवती बसलेलं. टेबलावर कापडाऐवजी कागद पसरले होते. जावई ते एकावर एक रचत होता आणि पुन्हा विस्कटत होता. जावई वकील होता. लग्नाच्या वेळी घराला त्याचं कौतुक होतं, आता गरज होती, आणि या दोन्हींत कुठे जास्त मान असतो हे त्याला एव्हाना कळलं होतं.

“पुन्हा एकदा,” तो म्हणाला. “उद्या लवादापुढे तिघं बसतील. नवा क्लब म्हणतो, तुम्ही दुखरा खेळाडू आमच्या गळ्यात मारलात, ट्रान्सफर रद्द करा, पैसे परत करा. जुना क्लब म्हणतो, आम्हाला ठाऊकच नव्हतं, लपवलं असेल तर घरच्यांनी. म्हणजे दोघांचीही बोटं कुणाकडे?”

“माझ्याकडे,” भिंगऱ्या म्हणाला.

तो टेबलाच्या टोकाशी डावा पाय स्टुलावर लांब करून बसला होता. लहानपणी पायाशी फुटबॉल घेऊन असा गरगर फिरायचा की समोरची पोरं एकमेकांवर आपटायची; तेव्हाच आत्याने हे नाव ठेवलं होतं, आणि आता ते स्टेडियमभर ओरडलं जायचं. नव्या क्लबकडून चौथ्याच सामन्यात तो तसाच फिरला आणि खाली बसला तो स्ट्रेचरवरच उठला. डॉक्टरांनी सांगितलं, जांघेतला स्नायू आधीपासूनच फाटलेला होता, आज फक्त उरलेला गेला.

“तुझ्याकडे अर्धी,” जावई म्हणाला. “अर्धी बाबांकडे. निरोपाचा सामना झाल्यावर एजंट म्हणून त्यांनी सही केलीय. ‘माझ्या माहितीप्रमाणे खेळाडूला कसलीही दुखापत नाही.’”

“माझ्या माहितीप्रमाणे,” दादाने लगेच बोट वर केलं. “आणि मला या घरात माहिती देतं कोण? पोरगं लंगडतं ते आत्याला माहीत. बापाला नाही. मला कुणी सांगितलं असतं तर मी सही केली असती का?”

हे वाक्य दादा गेला महिनाभर म्हणत होता, आणि ते आलं की टेबलाभोवतीच्या माना खाली जायच्या. वहिनी उठून त्याला चहा करून द्यायची. भिंगऱ्या स्वतःच्या पायाकडे बघत बसायचा. आत्या तर त्याचे शर्ट न सांगता इस्त्री करून ठेवायला लागली होती. कारण दादा म्हणत होता ते खरंच होतं. शेवटच्या मोसमात भाचा मागच्या दाराने आला होता, ‘बाबांना सांगू नकोस’ म्हणाला होता, आणि तिने त्याच्या चड्डीच्या आत, डाव्या मांडीला घट्ट धरून ठेवेल अशी रुंद इलॅस्टिकची पट्टी शिवून दिली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. पण निरोपाच्या सामन्यात पोरगं जीव तोडून धावलं, चड्डीचा पाय वर उडाला, आणि कुणाच्या तरी फोटोत पट्टीची कड आली. तो फोटो आता नव्या क्लबच्या वकिलाकडे होता. आणि ती चड्डी जुन्या क्लबच्या प्रवेशदालनात जर्सीशेजारी काचेच्या चौकटीत टांगलेली होती. दादानेच हौसेने भेट दिली होती. उद्या चौकटीसकट ती लवादापुढे जाणार होती.

“टांगायला जर्सी पुरे होती,” वहिनी म्हणाली. “चड्डी कोण टांगतं काचेत?”

“जोडी होती ती.”

“मग मोजेही द्यायचे. आणि ती पण स्वतः धुऊन, स्वतः इस्त्री करून. जन्मात रुमालाला इस्त्री केली नाही या माणसाने.”

“पोराचा शेवटचा सामना होता तिथला,” दादा म्हणाला. “बापाला भावना नसतात का?”

“असतात की. आता त्या उद्या साक्षीला येतायत.” वहिनी आत्याकडे वळली. “ताई, तुम्ही तिकडे जाळ्या आणि निशाणं शिवायला जाताच ना? आजच जा. काच उघडा, पट्टी काढून आणा, चुलीत घाला. न राहील ती, न विचारतील.”

“अजिबात नाही,” जावई इतक्या जोरात म्हणाला की कागद सरकले. “आई, ती पट्टी तिथे आहे हेच आपलं नशीब आहे. उद्या मी यावरच उभा राहणार. लपवायचं असतं तर यांनी ती काढली नसती का? चारचौघांत काचेत टांगली असती का? मग आत्या म्हणतील, चड्डी ढिली होती, मी बसती करून दिली. क्लबचा पोशाख न विचारता बदलला म्हणून त्यांना चार शब्द ऐकवतील, तेवढंच. पण समजा पट्टी जागेवर नाही. म्हणजे कुणीतरी काढली. काढली म्हणजे त्याला माहीत होतं. मग सगळेच बुडाले, आणि सगळ्यांच्या आधी शिवणारी बाई, कारण संशय तिच्याशिवाय कुणावर जाणार?”

दादाच्या हातातला खडू निसटून खाली पडला. तो वाकून शोधायला लागला. खडू पायाशीच होता, पण दादा बराच वेळ टेबलाखाली राहिला.

“काचेला कुणी हात लावायचा नाही,” वर येऊन तो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता, “आणि तू तर तिकडे फिरकूसुद्धा नकोस. माझ्यापायी तुला त्रास झालेला मला चालणार नाही.”

“आज सूर्य कुठून उगवलाय?” वहिनी पुटपुटली.

आत्याने टेबलावरचे चहाचे कप गोळा केले. या वयात भावाच्या एका वाक्याने एवढं बरं वाटावं याची तिला थोडी लाजही वाटली. त्या घटकेला तिला कुणी विचारलं असतं तर ती एक सोडून दहा खोटी वाक्यं बोलली असती.

पण चहाचे कप विसळताना तिच्या मनात एक भलताच भुंगा शिरला. पट्टी तिने कोणत्या दोऱ्याने शिवली होती? निळ्या की काळ्या? त्या आठवड्यात निळं रीळ संपत आलं होतं. उद्या विचारलं आणि तिने निळा म्हटलं, आणि काचेतून काळा निघाला, तर? ज्या बाईला आपला दोरा आठवत नाही तिची ढिली चड्डी कोण खरी मानणार? तिने कप तसेच ठेवले, पिशवी उचलली, आणि मागच्या दाराकडे निघाली.

दारात भिंगऱ्या कुबडीवर उभा होता.

“तिकडेच चाललीस ना?”

“दोरा बघून येते. हात नाही लावत.”

“आत्या, नको बोलूस उद्या. मी सांगतो माझं दुखत होतं म्हणून. दोन मोसम बसवतील, बसतो.”

“दोन मोसमांनी तुझे पाय कुणी विचारेल?”

“नाही विचारणार.” तो कुबडीच्या रबराने फरशी घासत राहिला. “पण बाबांनी खऱ्या मनाने सही केली. मीच त्यांना खोट्यात पाडलं. ते जेवताना माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, बघितलंस का तू?”

आत्याने बघितलं होतं. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. बटण लोंबत होतं. तिसरा शर्ट होता हा महिन्यातला; बटण सुटलं की पोरगं शर्टच बदलायचं, सुईचं नाव नाही.

क्लबवर रविवारी लहान मुलांचे सामने असायचे, त्यामुळे दार उघडं आणि लक्ष कुणाचंच नाही. प्रवेशदालनात ढाली, चषक, जुन्या संघांचे पिवळे फोटो, आणि समोरच्या भिंतीवर तिचा भाचा: वर जर्सी, खाली चड्डी, मधे माणूस नाही.

“इस्त्री करायची आहे?” क्लबचा शिपाई जिन्यावरूनच म्हणाला. त्याच्या हातात शिट्टी होती आणि जीव मैदानात अडकला होता. “सुरकुत्या पडल्यात खऱ्या. उद्या वकील लोक नेणार म्हणे. चांगली दिसू दे. आमच्या काचेतून सुरकुतलेली गेली तर आमचीच शोभा.”

त्याने स्वतःच चौकट उतरवली, मागची फळी सरकवली आणि धुलाईच्या खोलीत ठेवून पळाला. आत्याने हात न लावायचं ठरवलं होतं. ते ठरवणं दुकानापासून क्लबच्या दारापर्यंत टिकलं होतं, आणि तेवढं पुष्कळ झालं.

तिने चड्डी उलटी केली.

पट्टी नव्हती.

आधी तिला वाटलं, आपण उजवा पाय उलटा केला. तिने दुसरा पाहिला. मग परत डावा. कापडावर सुईच्या जुन्या भोकांची रांग होती, तिचीच, घट्ट आणि सरळ. पट्टी काढताना शेजारची कडही उसवलेली होती, आणि ती नंतर हाताने पुन्हा शिवलेली होती. दोरा काळा. शिलाई बेताची. आणि जिथे शिलाई संपत होती तिथे दोऱ्याचं बोटभर टोक सोडलेलं, न कापता.

आत्या इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली.

ती दोघं लहान असताना अण्णांनी दोघांना एकाच टेबलावर शिकवलं होतं. दादाने एकदा टोक इतकं आखूड कापलं की गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही दारातच उसवली, आणि अण्णांनी त्याला मोजपट्टीने मारलं. तेव्हापासून दादा शिलाई संपली की दोऱ्याचं टोक सोडायचा, आणि कितीही सांगितलं तरी कापायचा नाही. ‘दादाच्या शिवणीला शेपूट असतं,’ अण्णा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. दादाने पुढे सुई सोडली, कात्री धरली, मग कात्रीही सोडून पोराच्या ट्रान्सफरचे फोन धरले. शेपूट मात्र राहिलं होतं.

म्हणजे वहिनी म्हणत होती ते ‘स्वतः धुऊन, स्वतः इस्त्री करून’ यासाठी होतं. त्या दिवशी चड्डी उलटी झाली, पट्टी दिसली, बापाला कळलं. त्याने ती काढली. आणि मग सही केली.

मैदानात शिट्टी वाजली, पोरं ओरडली. आत्याने चड्डी सरळ केली, सुरकुत्यांवर इस्त्री फिरवली, चौकटीत परत घातली. इस्त्री नीट झाली. तिथून घरापर्यंत तिच्या कानात एकच वाक्य होतं, आणि ते दादाचं नव्हतं, जावयाचं होतं: सगळ्यांच्या आधी शिवणारी बाई. हे ऐकून खडू पडला होता. हे ऐकूनही दादाने तिला उद्याच्या साक्षीतून काढलं नव्हतं. काचेपाशी जायला तेवढं मना केलं होतं.

ती परतली तेव्हा सगळे तिथेच होते. जावई तिच्या वाक्याला तिसऱ्यांदा पॉलिश करत होता.

“आत्या, ‘ढिली’ऐवजी ‘सैल’ म्हणा. जरा सभ्य वाटतं.”

आत्याने पिशवी दादापुढे टेबलावर ठेवली. “दादा, बंद सुटलाय बघ. चार टाके घाल.”

“मी?” दादा हसला. “दुकानात तू असताना मी?”

“माझे हात कापतायत.”

ते सगळ्यांना दिसत होतं. उद्याची काळजी, असं सगळ्यांनी समजून घेतलं. दादाही आज फार मायेत होता. त्याने चष्मा लावला, सुई ओवली, आणि जुना हात थोडा मिरवत, एकदा अंगठ्याला टोचून घेऊन, बंद शिवून दिला. शिवून झाल्यावर सुई काढली आणि दोरा तोडला.

“बाबा,” भिंगऱ्या म्हणाला, “शेपूट राहिलं की.” बापाशी इतक्या दिवसांनी तो स्वतःहून काही बोलला होता, आणि गमतीने बोलला होता.

“तिथंही राहिलंय,” आत्या म्हणाली.

“कुठं?” वहिनीने विचारलं.

“काचेत.”

आधी भिंगऱ्याला कळलं. त्याची मान सावकाश वर आली आणि तो बापाकडे बघत राहिला. मग वहिनीला. जावयाला सगळ्यात शेवटी, पण कळल्यावर तो सगळ्यात आधी बोलला.

“म्हणजे पट्टी जागेवर नाहीये. ठीक आहे. थांबा, ठीक आहे. मग आत्यांनी असं म्हणायचं की लावलीही त्यांनी आणि नंतर काढलीही—”

“जावईबापू,” वहिनी म्हणाली, “तुम्ही जरा गप्प बसा.” लग्नापासून तिने त्याला पहिल्यांदाच असं सांगितलं होतं. मग ती नवऱ्याकडे वळली. “महिनाभर चहा करून देतेय मी तुम्हाला. बिचाऱ्या बापाला कुणी सांगितलं नाही म्हणून.”

दादाने चष्मा काढला. “मग काय करायला हवं होतं? बोलावणं एकदाच येतं. पुढच्या वर्षी कुणी विचारलं असतं याला? मला वाटलं, महिनाभर विश्रांती मिळेल, भरून येईल. हे दुकान कर्ज काढून कशाच्या भरवशावर घेतलं आपण? अण्णा जन्मभर भाड्यात मेले. मी कुणासाठी केलं?”

“मला विचारायचं होतं,” भिंगऱ्या म्हणाला. “दुखतंय का, एवढंच.”

“तू सांगितलं असतंस?”

“हो.”

“आणि उद्या मला पुढे करणार होतास,” आत्या म्हणाली. आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“तुला काय करणार होते ते? शिवणाऱ्या बाईला दंड कोण करतो?”

“दंड नाही करत. काम काढून घेतात. लबाड बाई म्हणून.” तिने पिशवी उचलली. शेपूट लोंबत होतं. “ऐक, दादा. उद्या मला विचारतील पट्टी कुणी लावली. मी म्हणेन मी, दुखत होतं म्हणून. मग विचारतील काढली कुणी. तेव्हा मी तुझं नाव घेणार नाही. फक्त तुझ्याकडे बघेन. पुढचं तुझं तू ठरव.”

“तू माझी बहीण आहेस ना?”

“म्हणून तर नाव घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याचे पेले होते आणि चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. लवादाच्या मधल्या बाईंनी हातमोजे घालून चड्डी उलटी केली तेव्हा नव्या क्लबचा वकील पुढे झुकला आणि जुन्या क्लबचा मागे सरला. जावयाने रात्रभर काय तयारी केली कोण जाणे. त्याची वही मिटलेली होती.

“इथे काही शिवलेलं होतं. कुणी लावलं होतं?”

“मी,” आत्या म्हणाली. “त्याच्या जांघेत दुखत होतं म्हणून.”

“आणि काढलं कुणी?”

आत्याने दादाकडे बघितलं. दादा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता, जिथे काल सुई टोचली होती. वहिनी दादाकडे बघत होती. पंखा फिरत होता. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी श्वास घेतला.

“मी काढलं,” भिंगऱ्या म्हणाला. तो एका पायावर उभा राहिला होता, कुबडी खुर्चीलाच टेकलेली. “मी लपवलं, मीच काढलं. बाबांना काही माहीत नव्हतं.”

नव्या क्लबचा वकील लिहायला लागला. त्याचं पेन ओळीच्या मध्यावर असताना दादा उठला.

“त्याला सुई ओवता येत नाही,” तो म्हणाला.

कुणीतरी हसलं.

“खरंच सांगतो, बाई. बटण सुटलं तर शर्ट बदलतो तो. पट्टी मी काढली. सही करायच्या आधी. तो खाली बसू द्या, त्याचा पाय दुखतोय.”

निकाल यायला आणखी काही आठवडे गेले, पण हिशोब त्या वाक्यालाच मिटला होता. जुन्या क्लबने पैसे परत केले आणि ते दादाकडून वसूल करायला दुसरा खटला घातला. दादाचा एजंटचा परवाना कायमचा गेला, कमिशन गेलं, आणि माइक पुन्हा हातात यायची आशाही. भिंगऱ्याला एक मोसम बसवलं. पाय बरा व्हायला तेवढाच लागणार होता, तेव्हा त्याच्या खात्यावर खरं तर काही पडलं नाही, फक्त आता तो जेवताना बापाकडे बघतो आणि बाप ताटाकडे. वहिनीने चहा करून देणं बंद केलं; दादा स्वतः करून घेतो, तिच्यासाठीही एक कप ठेवतो, ती कधी घेते कधी नाही. जावयाने फी घेतली नाही आणि ते प्रत्येक जेवणाला एकदा सांगतो.

जुन्या क्लबने जाळ्या आणि निशाणं दुसरीकडे शिवायला दिली. पोशाख पुरवणाऱ्यांच्या यादीतूनही दुकान गेलं. दादाच्या नावावरचं दुकान जप्तीत जाऊ नये म्हणून बँकेशी बोलणी झाली आणि दुकान, त्यावरच्या कर्जासकट, बहिणीच्या नावावर फिरवलं. त्यामुळे खोट्याच्या बदल्यात कबूल केलेलं सगळं आत्याला मिळालं, आभार सोडून. टेबल मागे गेलं, तिचं मशीन खिडकीपाशी आलं. पाटीवर तिचं नाव आलं, ते दादाने शिडीवर चढून स्वतः लावलं.

आणि दर महिन्याला बँकेचा माणूस येतो तेव्हा वर बघतो, पाटी वाचतो, आणि जिचं नाव आहे तिच्याकडे हप्ता मागतो.